संगत, पंगत आणि समता : शीख धर्माची ओळख

पुण्याच्या गुलटेकडी भागातील मार्केट यार्डात भल्या पहाटे परराज्यांतून आलेल्या मालमोटारी रांगेने उभ्या असतात. त्यांत एखादी पंजाबची असते. तिच्या दर्शनी भागावर गुरुमुखी लिपीतील एकाचा अंक आणि त्याला जोडून ओंकाराचे चिन्ह रंगविलेले असते. पाठीवर पोते घेऊन त्या चिन्हाजवळून ये-जा करणाऱ्या कष्टकऱ्यांमध्ये आमचे धम्मबांधवही असतात. परंतु त्या चिन्हामागे कोणता इतिहास उभा आहे, याचा विचार करण्याची सवड फार थोड्यांना मिळते.

वस्तुतः हा इतिहास आपणास परका नाही. मार्केट यार्डापासून पर्वतीची टेकडी फार दूर नाही. १९२९ साली त्या टेकडीवरील मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा सत्याग्रहींवर दगडफेक झाली. नाशिकच्या काळाराम मंदिराचा अनुभव याहून वेगळा नव्हता. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि त्यानंतरच्या वर्षी ज्या धर्माचा त्यांनी अतिशय गांभीर्याने विचार केला, तो धर्म म्हणजे शीख धर्म होय. बाबासाहेबांना त्यात काय दिसले आणि तरीही त्यांची पावले अखेर बुद्धाकडे का वळली, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात असतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी त्या धर्माची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

गुरू नानक आणि भाकरीची कथा

शीख धर्माचे संस्थापक गुरू नानक यांचा जन्म १४६९ साली तलवंडी येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात असून नानकाना साहिब या नावाने ओळखले जाते. त्यांचे कुटुंब खत्री जातीचे होते. बालवयात जानवे घालण्याचा विधी आला तेव्हा त्यांनी तो नाकारला, असे जनमसाखी या चरित्रग्रंथांतून सांगितले जाते. पुढे त्यांनी दूरवर प्रवास केला. त्या प्रवासात त्यांचा सोबती होता मर्दाना, रबाब वाजविणारा एक मुसलमान. उच्च कुळातील माणसाने मिरासी समजल्या जाणाऱ्या वादकाला आयुष्यभराचा सहचर मानावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

जनमसाखीतील एक कथा येथे सांगण्यासारखी आहे. ऐमनाबाद येथे नानक लालो नावाच्या गरीब सुताराकडे उतरले. त्याच गावातील मलिक भागो या धनिक अधिकाऱ्याने मोठी मेजवानी घातली. पण नानकांनी तेथे जेवण्यास नकार दिला. कारण विचारले असता त्यांनी एका हातात लालोची भाकर आणि दुसऱ्या हातात भागोचे पक्वान्न घेऊन पिळले. लालोच्या भाकरीतून दूध आले, भागोच्या अन्नातून रक्त. चमत्कारावर आमचा विश्वास नाही. परंतु कथेतील न्याय स्पष्ट आहे. अन्न शुद्ध की अशुद्ध हे ते कोणी शिवले यावर ठरत नाही, ते कसे मिळविले यावर ठरते. ब्राह्मणी व्यवस्थेची शुद्धाशुद्धतेची सारी कसोटी येथे उलटी केली गेली आहे.

या विचारातून शीख आचाराची तीन सूत्रे पुढे आली : नाम जपणे, किरत करणे आणि वंड छकणे. किरत म्हणजे प्रामाणिक कष्ट आणि वंड छकणे म्हणजे मिळविलेले वाटून खाणे. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ साली कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून जो उपक्रम सुरू केला, त्याला 'कष्टाची भाकर' असे नाव दिले. लालो सुताराच्या भाकरीचे वर्णन मराठीत याहून नेमके करता येणार नाही.

श्रद्धा आणि उपासना

आरंभी उल्लेखिलेल्या चिन्हाचा अर्थ असा की, परमतत्त्व एकच आहे. ते निराकार, निर्भय आणि निर्वैर आहे. ते जन्म घेत नाही, म्हणून अवतार नाही आणि मूर्तिपूजाही नाही. गुरुद्वारात मूर्ती नसते. उच्चासनावर गुरू ग्रंथसाहिब असतो. त्याचे पठण करण्यासाठी विशिष्ट जातीत जन्म घ्यावा लागत नाही, आणि स्त्रीलाही तो अधिकार आहे. संन्यास घेऊन अरण्यात जाण्यापेक्षा संसारात राहून कष्ट आणि सेवा करणे हा मार्ग श्रेष्ठ मानला आहे.

येथे बुद्धाच्या धम्माशी असलेला भेदही स्पष्टपणे सांगितला पाहिजे. शीख धर्म ईश्वराला विश्वाचा कर्ता मानतो, त्याच्या हुकमाने सर्व चालते असे मानतो, आणि आत्म्याच्या जन्ममरणाच्या फेऱ्यातून ईश्वरकृपेने सुटका होते असेही मानतो. तथागतांनी जगाचा कर्ता मानला नाही, नित्य आत्मा मानला नाही. दुःखाचे कारण आणि निवारण माणसाच्याच हाती दिले. हा भेद मूलभूत आहे. परंतु भेद आहे म्हणून साम्याकडे दुर्लक्ष करणे, हे अभ्यासकाचे लक्षण नव्हे.

सर्वांत मोठे साम्य संस्थांचे आहे. बुद्धाने संघ निर्माण केला आणि त्यात शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या दिली, जेणेकरून राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागेल. गुरूंनी संगत आणि पंगत निर्माण केल्या. संगत म्हणजे एकत्र बसून श्रवण करणारा समुदाय; पंगत म्हणजे एका रांगेत जमिनीवर बसून घेतलेले लंगरचे जेवण. तिसरे गुरू अमरदास (१४७९ ते १५७४) यांनी नियम केला की, आधी पंगतीत बसावे, मगच गुरूची भेट घ्यावी. बादशहा अकबरालाही हा नियम पाळावा लागला, अशी परंपरा आहे. समता केवळ उपदेशात ठेवली तर माणूस तिला मान डोलावतो आणि घरी जाऊन जात पाळतो. शेजारी बसून एका भांड्यातले खावे लागले की तिची खरी परीक्षा होते. गुरूंनी हे ओळखले होते.

दहा गुरूंची परंपरा

नानकांनंतर नऊ गुरू झाले. दुसरे गुरू अंगद यांनी गुरुमुखी लिपीला स्थिर रूप दिले, त्यामुळे संस्कृताच्या मक्तेदारीबाहेर लोकभाषेत ज्ञान पोहोचले. चौथे गुरू रामदास यांनी अमृतसर वसविले. पाचवे गुरू अर्जन यांनी हरिमंदिर उभारले आणि १६०४ साली त्यात आदि ग्रंथाची स्थापना केली. या मंदिराला चारही दिशांना दारे आहेत, कारण ते चारही वर्णांना खुले आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. ज्यांच्यासाठी पर्वतीचे एक दारही उघडले नाही, त्यांना या चार दारांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

गुरू अर्जन यांचा १६०६ साली लाहोर येथे छळ करून प्राण घेण्यात आला. नववे गुरू तेगबहादूर यांचा १६७५ साली दिल्लीच्या चांदणी चौकात शिरच्छेद झाला. त्या भयाच्या वातावरणात गुरूंचे मस्तक आनंदपूरला पोहोचविले ते भाई जैता यांनी. ते अस्पृश्य मानलेल्या रंगरेटा समाजातील होते. गुरू गोविंदसिंगांनी त्यांना हृदयाशी धरून रंगरेटा हे गुरूचे पुत्र आहेत असे म्हटले, ही आठवण शीख समाज आजही जपतो. धडावर अंत्यसंस्कार केले ते लखीशाह वंजारा यांनी, स्वतःचे घर पेटवून देऊन. महाराष्ट्रातील बंजारा बांधव हे नाव अभिमानाने घेतात.

दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना केली. त्यांच्या हाकेला प्रथम जे पाच जण उठले, त्यांना पंचप्यारे म्हणतात : लाहोरचे खत्री दयाराम, हस्तिनापूरचे जाट धरमदास, जगन्नाथपुरीचे पाणके हिंमतराय, द्वारकेचे छिंबा मोहकमचंद आणि मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरचे न्हावी साहिबचंद. एका पात्रातील अमृत या पाचांनी घेतले आणि नंतर गुरूंनी स्वतः त्यांच्या हातून ते घेतले. पुरुषांच्या नावापुढे सिंग आणि स्त्रियांच्या नावापुढे कौर लावण्याची प्रथा पडली. हेतू हा की, नावावरून जात कळू नये. केस, कंगा, कडा, कच्छ आणि किरपाण ही पाच चिन्हे धारण करणारा तो खालसा. ज्याच्या हाती शस्त्र घेण्यास शास्त्राने बंदी केली होती, त्याच्या कमरेला किरपाण आली, हे या घटनेचे सामाजिक मर्म होय.

ग्रंथातील आणि भूमीवरील महाराष्ट्र

गुरू ग्रंथसाहिबाची १४३० पृष्ठे आहेत. त्यात गुरूंच्या वाणीबरोबरच पंधरा भगतांची वाणी समाविष्ट आहे. त्यांत विणकर कबीर आहेत, चर्मकार रविदास आहेत, न्हावी सैन आहेत, खाटीक सधना आहेत, आणि मुसलमान शेख फरीदही आहेत. रविदासांची ४० पदे आहेत. आपल्या नामदेव शिंप्याची ६१ पदे आहेत. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे गाव. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्मारक आहे. तेथेच एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

ग्रंथातील एका पदात नामदेव सांगतात की, हीन जातीचा म्हणून आपल्याला देवळातून उठवून देण्यात आले. मराठी संतांची ही व्यथा शिखांच्या सर्वोच्च ग्रंथात वंदनीय ठरली. शीख माणूस ग्रंथापुढे मस्तक टेकवितो तेव्हा तो रविदासांपुढे आणि नामदेवांपुढेही टेकवितो. आता पंढरपूर पाहा. चोखामेळ्याची समाधी मंदिराच्या महाद्वाराबाहेर राहिली, आणि अस्पृश्यांना आत प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला आपला अस्पृश्यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शिखांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पर्व महाराष्ट्राच्या भूमीवरच घडले. १७०८ साली गुरू गोविंदसिंग गोदावरीकाठी नांदेड येथे आले. तेथे त्यांना माधोदास बैरागी भेटला. तोच पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात लढला आणि १७१६ साली दिल्लीत मारला गेला. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी नांदेड येथे गुरूंचे निधन झाले. त्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवून गुरुपद ग्रंथाकडे सोपविले. तथागतांनीही महापरिनिर्वाणापूर्वी आपला वारस नेमला नाही. आपल्यानंतर धम्म आणि विनय हेच शास्ते, असे सांगितले. व्यक्तीऐवजी विचाराला गुरू मानण्याचा हा निर्णय दोन्ही परंपरांना जोडणारा आहे.

नांदेडचे तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. अमृतसरचे अकाल तख्त, आनंदपूरचे केशगढ साहिब, तलवंडी साबो येथील दमदमा साहिब आणि पाटणा साहिब ही इतर चार. नांदेडची वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली. ऑक्टोबर २००८ मध्ये ग्रंथाला गुरुपद दिल्याची त्रिशताब्दी येथे साजरी झाली.

१९२० : दार पुन्हा उघडावे लागले

इथवरचे वर्णन वाचून शीख समाजात जात उरलीच नसेल असे कोणास वाटल्यास तो गैरसमज ठरेल. रणजितसिंगांचे राज्य आले, जमीनजुमला आला, गुरुद्वारांचा ताबा महंत आणि पुजारी यांच्याकडे गेला, आणि बाहेर काढलेली जात मागील दाराने आत आली. अस्पृश्य समाजातून आलेल्या शिखांचा कडाप्रसाद हरिमंदिरातील पुजारी स्वीकारीनासे झाले.

१२ ऑक्टोबर १९२० रोजी खालसा बिरादरी या संस्थेने जालियनवाला बागेत दिवाण भरविला. तेथे अस्पृश्य समाजातील लोकांनी अमृत घेतले आणि प्रसाद घेऊन ते हरिमंदिरात गेले. पुजाऱ्यांनी नकार दिला. वाद झाला. अखेर निर्णय ग्रंथावर सोपविण्यात आला. ग्रंथ उघडला आणि जे पद निघाले ते हीन मानलेल्यांवरही कृपा होते या अर्थाचे होते. पुजाऱ्यांना प्रसाद स्वीकारावा लागला. तेथून ही मंडळी अकाल तख्ताकडे गेली तेव्हा तेथील पुजारी निघून गेले आणि तख्ताचा कारभार संगतीच्या हाती आला. पुढच्याच महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली आणि १९२५ साली गुरुद्वारा कायदा झाला. शिखांच्या या सर्वांत मोठ्या लोकशाही संस्थेच्या मुळाशी अस्पृश्यांच्या हातचा प्रसाद आहे, ही गोष्ट फार कमी सांगितली जाते.

या प्रसंगाचा धडा दुहेरी आहे. समतेचा ग्रंथ असूनही विषमता येऊ शकते. परंतु समतेचा ग्रंथ असेल तर विषमतेविरुद्ध दाद मागण्यासाठी त्याच धर्मात न्यायासन उपलब्ध असते. पर्वतीच्या सत्याग्रहींना तसे न्यायासन नव्हते. कारण त्यांना अडविणाऱ्यांच्या बाजूने शास्त्रच उभे होते.

बाबासाहेबांचा विचार

नेमका हाच भेद बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या भाषणात मांडला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण मंडळाने होऊ दिले नाही. त्यात त्यांनी म्हटले आहे की, जाती शिखांत आणि मुसलमानांतही आढळतात, पण तेथे त्यांना धर्माचे पाठबळ नाही. शास्त्रांचा नवा अर्थ लावत बसण्यापेक्षा त्यांचे प्रामाण्यच नाकारा, आणि हे धैर्य बुद्धाने व नानकांनी दाखविले, असेही त्यांनी सांगितले. बुद्ध आणि नानक ही नावे त्यांनी एकत्र घेतली, हे विसरता कामा नये. शिखांच्या राजकीय क्रांतीपूर्वी नानकांची धार्मिक आणि सामाजिक क्रांती झाली होती, हाही त्यांचाच निष्कर्ष.

जानेवारी १९३६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र अस्पृश्य युवक परिषद भरली आणि धर्मांतराच्या निर्धारास तरुणांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाबासाहेब अमृतसरच्या शीख प्रचार परिषदेस उपस्थित राहिले. जूनमध्ये डॉ. मुंजे यांच्याशी त्यांची चर्चा झाली. सप्टेंबरमध्ये त्यांनी आपल्या तेरा अनुयायांना शीख धर्माच्या अभ्यासासाठी अमृतसरला पाठविले. १९३७ साली मुंबईत माटुंगा येथे शिरोमणी समितीने खालसा महाविद्यालय सुरू केले.

मग हा विचार मागे का पडला? एक कारण घटनात्मक होते. त्या वेळच्या जातीय निवाड्यात शिखांना राखीव प्रतिनिधित्व होते ते मुख्यतः पंजाबात. मुंबई इलाख्यातील अस्पृश्य शीख झाला असता तर पुणे कराराने मिळालेले हक्क तो गमावणार होता, आणि नवे हक्क त्याला मिळणार नव्हते. डॉ. मुंजे यांच्याशी झालेल्या चर्चेत याच हक्कांचा प्रश्न होता. पण त्या योजनेला गांधीजींनी आणि एम. सी. राजा यांनी विरोध केला. दुसरे कारण अधिक खोल आहे. बाबासाहेबांना केवळ जात नाकारणारा धर्म नको होता. माणसाच्या बुद्धीला आणि स्वातंत्र्याला अंतिम मान देणारा धर्म हवा होता. ईश्वराच्या हुकमापाशी थांबणे त्यांच्या विवेकाला मानवणारे नव्हते. वीस वर्षांच्या अभ्यासानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बुद्ध धम्म स्वीकारला.

हक्कांविषयीची शंका किती रास्त होती हे पुढे दिसले. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना वगळले. शिखांतील केवळ चार जातींना, तेही पंजाबपुरते, स्थान दिले. १९५६ साली सर्व शीख अनुसूचित जातींचा समावेश झाला. बौद्धांना केंद्राच्या यादीत येण्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली.

तत्त्व आणि व्यवहार

२०११ च्या जनगणनेनुसार पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण जवळपास ३२ टक्के असून ते देशातील राज्यांमध्ये सर्वाधिक आहे. परंतु शेतजमीन मुख्यतः जाटांच्या हाती आहे. १९४५ साली संमत झालेल्या शीख आचारसंहितेत विवाहात जात पाहू नये असा नियम आहे. तरी मजहबी, रामदासी आणि जाट यांचे रोटीव्यवहार जितके झाले तितके बेटीव्यवहार झाले नाहीत. अनेक गावांत गुरुद्वारेही वेगळी आहेत. २००९ साली व्हिएन्ना येथे रविदासी संत रामानंद यांची हत्या झाली. त्यानंतर जानेवारी २०१० मध्ये वाराणसी येथे रविदासिया धर्माची स्वतंत्र घोषणा करण्यात आली. ज्यांची पदे ग्रंथात आहेत त्यांच्याच अनुयायांना वेगळे व्हावेसे वाटले, याचे दुःख विचारी शिखांनाही आहे.

याच पंजाबातील एका रामदासी शीख कुटुंबातला तरुण नोकरीनिमित्त पुण्यात संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत आला. १९६० च्या दशकात तेथे बुद्धजयंती आणि आंबेडकरजयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी दीनाभाना यांनी विरोध केला आणि त्यांना नोकरीला मुकावे लागले. तो तरुण त्यांच्या बाजूने उभा राहिला. सहकारी डी. के. खापर्डे यांनी त्याला वाचावयास दिले ते 'जातिसंस्थेचे उच्चाटन'. तो तरुण म्हणजे कांशीराम. लाहोरच्या श्रोत्यांनी जे भाषण ऐकले नाही, ते पंजाबच्या एका शिखाने पुण्यात वाचले, आणि त्यातून पुढे १९७८ साली बामसेफ आणि १९८४ साली बहुजन समाज पक्ष उभा राहिला. २००६ साली त्यांचे निधन झाले तेव्हा अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने झाले.

आपल्यासाठी

शीख धर्माच्या अभ्यासातून आपण काय घ्यावे? त्यांच्या श्रद्धा घ्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. घ्यावयाची ती दृष्टी. समतेला रोजच्या व्यवहारात स्थान दिल्याशिवाय ती टिकत नाही, हे लंगरने दाखविले. आणि स्थान दिल्यावरही तिची राखण करावी लागते, हे १९२० ने दाखविले.

दुसऱ्याच्या घरातील दोष मोजताना आपल्या विहाराकडेही पाहावे लागेल. बावीस प्रतिज्ञा आपण म्हणतो. परंतु आपल्या विहाराच्या पंगतीत मातंग, चर्मकार, वाल्मीकी आणि भटक्या समाजाचे बांधव किती असतात? विवाह जुळविताना पोटजात विचारली जात नाही असे आपण छातीवर हात ठेवून सांगू शकतो काय? बाबासाहेबांनी धम्म दिला तो एका जातीला नवे नाव मिळावे म्हणून नव्हे.

मार्केट यार्डात यापुढे गुरुमुखीतील तो एकाचा अंक दिसेल तेव्हा त्यामागचा लालो सुतार, भाई जैता आणि जालियनवाला बागेतून प्रसाद घेऊन निघालेली ती माणसे आठवावीत. त्यांनी दुसऱ्यांच्या दारावर दस्तक दिली नाही. आपल्याच धर्माला त्याने दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. ते काम प्रत्येक पिढीला आपापल्या घरात करावे लागते, आणि आपणही त्यास अपवाद नाही.